दशमीचा कांदा

मारुती नांदूरघाटहून निघाला, केजेपर्यंत कुणाच्या तरी गाडीत बसून आला आणि तिथून पुढं मोमिनाबादेपर्यंत पायी. माझ्या माहेरच्या शेतावरचा हा जुना माणूस अंगणात येऊन उभा राहिला तेव्हा मी कुरडयांचं वाळवण राखत बसले होते. एवढ्या उन्हातून येऊनही त्यानं आधी पाणी मागितलं नाही, तेव्हाच मी ओळखलं, बातमी बरी नाही. "आक्का, आत्याबाई गेल्या," तो म्हणाला. "परवा सांजच्याला. लई तरास न्हाई झाला. समदं उरकलं, मग निघालो." मी त्याला पाणी दिलं, भाकरी वाढली, आणि मग काय करावं ते मला सुचेना. माझे यजमान इथल्या मदरशात, म्हणजे सरकारी शाळेत, मराठी शिकवतात, शास्त्राचंही थोडंफार त्यांना कळतं. ते म्हणाले, "तू लग्न होऊन या घरात आलेली. तुला तिचं सुतक नाही. एक अंघोळ केलीस की सुटलीस." मी अंघोळ केली. चार तांबे जास्तच घेतले डोक्यावरून. त्याला आता पाच आठवडे होत आले, आणि सुटल्यासारखं काही वाटलेलं नाही.

द्वारकाआत्या ही माझ्या वडिलांची, अण्णांची, धाकटी बहीण. तिला कडा गावी दिली होती. तिच्या तेराव्या वर्षी नवरा तापानं गेला आणि ती नांदूरघाटला परत आली ती कायमची. सासरी किती महिने नांदलीस असं विचारलं तर ती बोटं मोजायची आणि एका हातातच मोजणी संपायची. डोक्यावरचे केस गेले, अंगावर तांबडं लुगडं आलं, आणि आमच्या घरची सोवळ्याची चूल तिच्या ताब्यात आली. केस उतरवलेले, म्हणून तिच्या हातचं देवाला चालायचं आणि आजोबांनाही चालायचं. या दोघांत आजोबांची मर्जी राखणं जास्त अवघड होतं. पहाटे अंगावर पाणी घेऊन ओलेत्यानं चुलीपाशी बसली की दुपारी शेवटची पंगत उठेपर्यंत तिला कुणी शिवायचं नाही. मग सोवळं सुटायचं, आणि ती माझी व्हायची.

कांदा आमच्या घरात वर्ज्य नव्हता, पण तो आतल्या चुलीवर येत नसे. मागच्या पडवीत एक वेगळी चूल होती, आई कांद्याचं जे काय करायचं ते तिथं करायची. पुरुष खायचे, सवाष्णी खायच्या, पोरंही खायची. विधवेनं मात्र खायचा नाही. कांद्यानं अंगात उष्णता चढते आणि मन चळतं, असं सगळे म्हणत. हे कुणी शोधून काढलं कोण जाणे. आमचे आजोबा जन्मभर दोन्ही वेळा कांदा खात आले, त्यांचं मन चळलेलं मी कधी पाहिलं नाही. आवाज तेवढा चढायचा.

आणि घरात न खाणारी आणखी एक होती, ती मी. मला कांदा बघवत नसे. पिठल्यातला, आमटीतला, चटणीतला कांद्याचा तुकडा न तुकडा मी वेचून ताटाच्या कडेला लावायची. त्याचा वास कुठून जरी आला तरी माझ्या नाकपुड्या फुलायच्या आणि पाठोपाठ शिंक यायची. अण्णा शेजारच्या आळीत जेवून आले तर काय जेवले ते मी ओसरीवरूनच सांगायची. घरात त्याची भारी चेष्टा चाले. "हिला तहसिलीत नेऊन बसवा, लाच खाल्ल्याचाही वास येईल हिला," असं एकदा आजोबा म्हणाले होते. ते गावचे पटवारी होते, तेव्हा ते माहितीनंच बोलत असणार.

आषाढातल्या कांदेनवमीला आमच्याकडं नुसता गोंधळ असायचा. एकादशीपासून चार महिने कांदा बंद, म्हणून नवमीला सगळ्यांनी पोटभर खाऊन घ्यायचा. कांद्याची भजी, कांद्याचा झुणका, कांदा घातलेले धपाटे, वर पुन्हा कच्चा कांदा. सगळं घर त्या वासानं भरून जायचं आणि मी नाक धरून हिंडायची. शेवटच्या पंगतीला दोनच पानं असत, आत्याचं आणि माझं. वरण-भात, तूप आणि लिंबाची फोड. आत्या सावकाश जेवायची. मला तिचा किती अभिमान वाटायचा! एवढ्या मोठ्या घरात माझ्यासारखं शहाणं माणूस ही एकच, असं मला वाटे. तिलाही माझ्यासारखाच कांदा आवडत नाही, अशी माझी पक्की समजूत होती. कुणी ती सुधारली नाही, कारण अशी काही समजूत माझ्या डोक्यात असेल हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

मी नऊ वर्षांची होते त्या वर्षीची गोष्ट. नवमी झाली. उरलेसुरले कांदे टोपलीत भरून मारुतीच्या आईला देऊन झाले. दुसऱ्या दिवशी, दशमीला, दुपारी ओसरीवर आत्या माझ्या डोक्यातल्या उवा बघत बसली होती. जिच्या डोक्यावर केस नव्हते ती तासन्‌तास माझे केस विंचरायची, त्याचं तेव्हा मला काही वाटत नसे. समोर बंगईवर झोके घेत आजोबा आणि त्यांच्याकडं आलेले दोन पाहुणे बोलत होते. अण्णा कसलासा उर्दू कागद घेऊन दारात उभे होते. आत्या वाकली, माझ्या कानाशी हसत काहीतरी म्हणाली, आणि माझ्या नाकपुड्या फुलल्या. शिंक आली. मी वळून तिच्याकडं पाहिलं आणि मोठ्यानं ओरडले, "आत्या, तू कांदा खाल्लास!"

मला राग आला होता, हे कबूल करते. आम्ही दोघी एका पक्षाच्या, आणि ही मला न सांगता पलीकडं गेली... एवढंच माझ्या मनात होतं. बंगई थांबली. आजोबा म्हणाले, "इकडं या दोघी." आम्ही पुढं झालो. "पोरी, नीट हुंगून सांग. खोटी गवाही द्यायची नाही." आत्या माझ्यापुढं उकिडवी बसली, माझं नाक पोचावं म्हणून. तिनं तोंड उघडलं. मी टाचा जुळवून, पुढं झुकून, शाळेत पाठ म्हणून दाखवावा तशी हुंगले आणि म्हणाले, "येतोय." आजोबांनी माझ्या पाठीवर थाप दिली. पाहुण्यांपैकी एकजण 'शाबास' म्हणाला. अण्णांनी कागदात डोकं घातलं. पहिल्यांदा बोलले ते पोरपणानं. पण दुसऱ्यांदा हुंगले ते शाबासकीसाठी, आणि हे मला तेव्हाही कळत होतं.

तीन दिवस उपास, पंचगव्य, आणि मग आजोबांचा फैसला झाला. सोवळ्याची चूल आत्याकडून गेली. केजेहून लांबच्या नात्यातली एक म्हातारी आणून तिथं बसवली. "द्वारकीला कांद्याची एवढी हौस आहे ना, तर तिनं आता कांद्याच्याच चुलीपाशी बसावं," आजोबा म्हणाले. "चिरावा, परतावा, वाढावा. तोंडात मात्र गेला तर माझ्याशी गाठ आहे." कार्तिक उजाडला, कांदा घरात आला, आणि आत्या मागच्या पडवीत जाऊन बसली. देवघरात तिला मज्जाव झाला. तिचं जेवणही तिथंच जायचं.

मला खरी गोष्ट आईनं सांगितली. विहिरीवर धुणं धुताना मी तिला विचारलं, "आत्याला कांदा आवडत न्हाई ना, मग तिनं कावून खाल्ला?" आईच्या हातातलं धोतर तसंच राहिलं. "कोण म्हणलं तुला आवडत न्हाई म्हणून? अगं, तुझ्याएवढी होती तवा सकाळी उठून पैला कांदा मागायची. भाकरी नसली तरी चालायचं तिला. कड्याला हिला दिली तीच मुळी त्यांच्या मळ्यात कांदा होतो म्हणून, अशी थट्टा करायचे सगळे." मग धोतर पिळत ती म्हणाली, "तू तोंड आवरायचं होतंस बाई." तिनं मला मारलं असतं तर बरं झालं असतं.

पण शिक्षा तिथं संपली नव्हती. आजोबांनी मला कामाला लावलं. मनाला आलं की ते हाक मारायचे, आत्यालाही बोलवायचे, आणि म्हणायचे, "हुंग." आता ती दिवसभर कांदा परतत असे. तिच्या हाताला वास, लुगड्याला वास. मी म्हणायची, "हाताचा येतोय, तोंडाचा न्हाई." पण आजोबा माझ्या बोलण्याकडं लक्षच देत नसत, ते माझ्या नाकाकडं बघत. नाकपुडी हलली की पुन्हा चौकशी, शिंक आली की पुन्हा उपास. खोटं बोलायची माझी तयारी होती, पण माझं नाक खोटं बोलायला तयार नव्हतं. दोनदा आत्यानं काही खाल्लेलं नसताना तिला माझ्या शिंकेपायी उपास घडले. तिसऱ्यांदा मात्र मी रात्रभर विचार केला आणि सकाळी पडवीत जाऊन उभी राहिले.

"आत्या, मला कांदा खायला शिकव."

"कावून गं? तुला तर मळमळतं."

"कांदा खाणाऱ्याला कांद्याचा वास येत न्हाई. मला आता हुंगायचं न्हाई."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं एक बारका कांदा घेतला आणि चुलीच्या आरात ढकलला.

पहिला कांदा तिनं मला भाजलेला दिला. वरची काळी साल काढून, आतला मऊ गर मीठ लावून. मी गिळला आणि लगेच परसात जाऊन ओकले. दुसऱ्या दिवशी पुन्हा. चौथ्या दिवशी पोटात राहिला. आठवडाभरानं ती म्हणाली, "आता हा गोड लागाया लागला तुला. पुढं चल." मग पातीचा झुणका झाला. मग बारीक चिरून, मीठ चोळून, दाबून पाणी काढलेला कांदा दह्यात कालवून. "ह्याचा राग असतो तो पाण्यात असतो. तेवढा काढला की बिचारा लई गरीब हाय." कच्च्या कांद्याला विळी लावायची नाही, असं तिचं मत होतं. लोखंड लागलं की तो चिडतो. पाटावर ठेवायचा आणि वरून बुक्की मारायची, एकाच बुक्कीत फुटला पाहिजे. माझ्या बुक्कीनं तो नुसता घरंगळत जायचा आणि आत्या तोंडावर पदर घेऊन हसायची. त्या वर्षात मी तिला हसताना पाहिलं ते एवढंच.

हे सगळं शिकवताना ती स्वतः शितभरही खात नसे. ज्या दिवशी पहिल्यांदा माझ्या बुक्कीनं कांदा फुटला, त्या दिवशी मी अर्धा खाल्ला आणि डोळ्यांतून पाणी आलं, पुढं जाईना. उरलेला अर्धा मी तिच्यापुढं धरला. तिनं दाराकडं पाहिलं. मी म्हटलं, "मी हाय ना. वास आला तर माझा येईल." तिनं तो घेतला... एकेक पापुद्रा सोडवून इतका हळू खाल्ला की माझं धुणं वाळत घालून झालं तरी तिचा संपला नव्हता.

त्यानंतर आजोबांनी हाक मारली तेव्हा मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि तोंड उघडून म्हणाले, "आजोबा, मला काही कळत न्हाई. मीच खाल्लाय." त्यांनी तोंड फिरवलं आणि "हो तिकडं!" म्हणून ओरडले. माझं नाक मेलं अशी घरात बातमी झाली. नाक कसलं मरतंय! पण शिंक गेली होती, आणि शिंक गेल्यावर साक्षीदार गेला. आजोबांनी आणखी दोनदा प्रयत्न करून पाहिला आणि मग ती तपासणी बंद पडली.

बाराव्या वर्षी माझं लग्न झालं आणि मी मोमिनाबादेस आले. माहेरी गेले की पहिल्या दुपारी आम्ही दोघी पडवीत बसायचो. एक कांदा, दोन फोडी. चातुर्मासात ती स्वतःच शिवायची नाही, ते तिचं तिनं ठरवलेलं होतं. आजोबा गेले. आई गेली. केजेची म्हातारी गेली, तिच्या जागी माझी भावजय आली. अण्णा घरचे कर्ते झाले. अण्णा काही वाईट माणूस नव्हेत, बहिणीला त्यांनी कधी तोडून बोललेलं मी ऐकलं नाही. पण तिच्या पानात कांदा वाढा, असं त्यांनी कधी म्हटलं नाही. दर कांदेनवमीला तिनंच सगळं रांधायचं, सगळ्यांना वाढायचं आणि शेवटी एकटीनं वरण-भात घेऊन बसायचं. तिच्या पंगतीला आता मीही नव्हते. आणि अण्णांना कशाला बोलू? मी तरी कुठं बोलले? लपून अर्धा कांदा देणं सोपं असतं. चार माणसांत तो तिच्या पानावर ठेवायची माझी छाती झाली नाही.

शेवटची भेट यंदाच्या संक्रांतीची. उजव्या बाजूचे दात गेले होते, म्हणून ती डाव्या बाजूनं खात होती. तीस वर्षं जे विचारायचं राहिलं ते मी त्या दुपारी विचारलं. "आत्या, त्या दिवशी तुला माझा लई राग आला असंल."

"पैल्यांदा ओरडलीस तवा आलता," ती म्हणाली. "थोडा. दुसऱ्यांदा न्हाई आला."

"दुसऱ्यांदाच तर यायला पाहिजे होता."

"तुला हुंगाया लावलं न्हवं का... तवा तुझं नाक माझ्या ओठाला टेकलं. घामेजलेलं होतं. नऊ वर्सं झालती मला त्या लुगड्यात. तोंडाशी तोंड कुणी आणलं न्हवतं गं माझ्या." तिनं पापुद्रा तोंडात टाकला आणि मग स्वतःशीच हसली. "आन्‌ तो कांदाबी नऊ वर्सांतला पैलाच होता. टोपली द्यायला गेलते, एक काढून ठेवला. लई ग्वाड निघाला मेला."

तेराव्याला मी नांदूरघाटला गेले. आमच्याकडं गेलेल्या माणसाच्या आवडीचं काहीतरी करून त्या दिवशी त्याचं पान वेगळं वाढतात. सगळा स्वयंपाक झाला होता, पान मांडलं होतं. भावजय बाहेर आली आणि अण्णांना म्हणाली, "मामंजी, आत्यांच्या आवडीचं काय वाढू? मला तर काहीच ठाऊक नाही." सतरा-अठरा वर्षं एका घरात काढलेली बाई, तिला ठाऊक नव्हतं, आणि त्यात तिचा दोष नव्हता. अण्णा जमिनीकडं बघत म्हणाले, "तिला काय... सगळंच चालायचं."

ओसरीवर गुरुजी होते, भाऊबंद होते, पाच-पंचवीस माणसं. एकदा मी याच ओसरीवर तोंड उघडलं होतं आणि तिची चूल गेली होती. आता उघडलं तर तिचं नाव जाईल, तेही तेराव्याला, आणि भांडायला ती असणार नाही. गप्प बसले तर मात्र तिला जन्मात काही आवडतच नव्हतं असं कायमचं ठरून जाईल. मी म्हणाले, "तिला कांदा आवडायचा."

गुरुजींनी विचारलं, "आवडायचा म्हणजे? त्या खात होत्या की काय?"

"खात होत्या," मी म्हणाले. "माझ्याबरोबर. तीस वर्षं."

गुरुजींनी हातातली पळी खाली ठेवली. भाऊबंदांत कुजबुज सुरू झाली. मी अण्णांकडं पाहिलं. ते उठले, भिंतीला धरून धरून मागच्या पडवीत गेले. तिथं यंदाचा नवा कांदा पसरून ठेवला होता. त्यातला एक घेऊन ते परत आले आणि तिच्या पानाशी बसले.

"अण्णा, हे शास्त्राला धरून नाही," गुरुजी म्हणाले.

"ठाऊक हाय मला. शास्त्रच धरून बसलतो आजवर."

त्यांनी कांदा पाटावर ठेवला आणि वरून बुक्की मारली. म्हातारा हात, कांदा फुटला नाही, घरंगळला. त्यांनी तो पुन्हा पाटावर ठेवला. दुसऱ्या बुक्कीला चिरला, तिसऱ्या बुक्कीला फुटला. साल काढून त्यांनी दोन्ही फोडी पानात ठेवल्या, भाताच्या शेजारी. "द्वारके, घे," एवढंच म्हणाले. मग उठले, आणि भावजयीनं पुढं केलेलं हात धुवायचं पाणी तसंच ठेवून त्याच हातांनी आमच्या पंगतीला जेवायला बसले.